रजिस्टरात कुणाचं नाव लिहू? ऊसतोड मुकादमांना खुलं पत्र

राम राम मुकादम मंडळी,

दसरा झाला, उचलीचे, म्हणजे आगाऊ पैशांचे, हिशेब लागले, ट्रॅक्टर धुऊन दारात उभे राहिले. आता आठ-पंधरा दिवसांत माजलगाव, वडवणी, धारूरचे रस्ते तुमच्या गाड्यांनी भरतील. गेल्या आठवड्यात तुमच्यापैकीच एक जण दुकानात आले. यादी दरवर्षीचीच. तापाच्या साध्या गोळ्या, कोयता लागला तर मलम, कापूस, चिकटपट्टी, बाम. शेवटी म्हणाले, "आन् त्या जुलाब बांधायच्या, बारक्या पांढऱ्या. पन्नास पाकिटं."

बाकी सगळं दिलं, त्या जुलाबाच्या गोळ्या (औषधाचं नाव डायफेनॉक्सिलेट) दिल्या नाहीत. ते म्हणाले, "डॉक्टर, इतकी वर्षं तुमच्याकडूनच नेतो. औंदाच काय झालं? भाव वाढला का?" गर्दी होती. मी "माल संपला" म्हणालो आणि पुढचं गिऱ्हाईक बघायला लागलो. माल संपला नव्हता. मागच्या कपाटात होता. ते उठून दुसऱ्या दुकानात गेले असतील आणि तिथे त्यांना गोळ्या मिळाल्याही असतील. काउंटरवर जे सांगायला हवं होतं ते आता लिहून सांगतो. पत्र लांब आहे. घरातलं कुणी शिकतं पोरगं वाचून दाखवेल.

आधी एक. तुम्ही मला डॉक्टर म्हणता, मी डॉक्टर नाही. डी. फार्म. झालेला मेडिकलवाला आहे. डॉक्टरने लिहिलेलं औषध देणं आणि लिहिलेलं नसेल तर न देणं, एवढंच माझं काम. त्यातला दुसरा भाग मी बरीच वर्षं गुंडाळून ठेवला होता.

यंदा मुलगा दुकानात बसायला लागला. नवीन शिकून आलेला, त्यामुळे प्रत्येक गोष्ट नियमाने. मी सवयीने पन्नास पाकिटं बाजूला काढायला लागलो तर त्याने एक रजिस्टर उघडलं, पेन हातात घेतलं आणि विचारलं, "बाबा, पेशंटचं नाव काय लिहू?" मी मुकादमांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "पाचशे गोळ्या एकटेच खाणार आहेत का?"

ते रजिस्टर कसलं, ते पुढे सांगतो. आधी माझ्या हातून घडलेली एक गोष्ट.

ही पंधरा वर्षांपूर्वीची. सीझन संपवून एक टोळी परत आली होती. दुपारी एक बाई दोन वर्षांचं पोरगं कडेवर घेऊन आली. सकाळपासून सात-आठ वेळा पातळ झालेली. मी कात्रीने स्ट्रिप कापली, चार गोळ्या दिल्या आणि म्हणालो, "अर्धी अर्धी दे." मला वाटलं, आपण फार जपून सांगितलं. रात्री तिचा नवरा पोराला घेऊन माझ्या घरी आला. सांगत होता, की आधी अंग तापलं, तोंड लालबुंद झालं, पोर पाण्यासाठी जीव टाकायला लागलं. मग शांत झोपलं. जुलाब थांबले म्हणून घरची मंडळी खूश होती. पण पोट नगाऱ्यासारखं ताठ होत गेलं आणि हलवलं तरी पोर उठेना. मी बॅटरीच्या उजेडात पापणी उघडून बघितली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. श्वास एक यायचा, आणि पुढचा येतो की नाही म्हणून आम्ही दोघं त्याच्या छातीकडे बघत बसायचो. घरात चारही गोळ्या गेल्या होत्या. अर्धीने थांबेना म्हणून पुन्हा अर्धी, असं करत.

जीप करून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नॅलोक्सोनचं इंजेक्शन दिलं आणि पोराने डोळे उघडले. नॅलोक्सोन म्हणजे अफूच्या विषावरचा उतारा. आम्ही सुटलो म्हणून बाहेर चहा प्यायला गेलो, परत येतो तर श्वास पुन्हा मंदावलेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचं असंच वर-खाली चाललं होतं. त्या गोळीतलं औषध आतड्याला बांधून ठेवतं, त्यामुळे पोटात राहिलेलं हळूहळू, तासन्‌तास अंगात उतरत राहतं. पोर वाचलं. आता मोठं झालंय, रस्त्यात दिसलं की हात करतं. मी हात करतो आणि खाली बघतो.

म्हणजे ती बारकी पांढरी गोळी अफूच्या घरातली आहे. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मला पुस्तकात वाचून माहीत होतं, तरी मी दिली.

अफू आणि जुलाब हे नातं फार जुनं. माझी आजी निजामाच्या राजवटीतली. ती सांगायची, खुरपायला जायच्या बाया तान्ह्या पोराला मोहरीएवढी अफू चाटवायच्या आणि झोळीत टाकून जायच्या. पोर दिवसभर रडायचं नाही आणि त्याला हगवणही लागायची नाही. मुंबईत गिरणीतल्या बायका हेच करायच्या, तिथे त्या गोळीला नाव होतं बाळगोळी. इंग्रजही काही वेगळं करत नव्हते. इथल्या फौजेतला एक इंग्रज डॉक्टर, जॉन कॉलिस ब्राउन, त्याने १८४८ च्या सुमाराला पटकीवर (कॉलऱ्यावर) एक काढा तयार केला, क्लोरोडाइन. अफूचा अर्क, गांजा आणि क्लोरोफॉर्म, सगळं एका बाटलीत. जुलाब थांबायचे यात नवल नाही, माणूसच थांबायचा.

मग विसाव्या शतकात कारखान्यातली अफू आली. १९३९ च्या आसपास जर्मनीत ऑटो आइस्लेब नावाचा रसायनशास्त्रज्ञ पोटातल्या कळांवर औषध शोधत होता, त्याच्या हाती लागलं पेथिडीन. कळ थांबवायला गेला आणि मॉर्फिनचा भाऊ सापडला. त्याच वाटेने पुढे बेल्जियममधले पॉल यान्सेन गेले. पेथिडीनच्या रेणूत फेरफार करून नवनवी औषधं काढायची, हे त्यांचं काम. १९५६ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत एक पदार्थ तयार झाला, जो दुखणं फारसं थांबवत नव्हता पण आतड्याची हालचाल मात्र जागच्या जागी थोपवत होता. तोच डायफेनॉक्सिलेट. (याच यान्सेन यांनी पुढे चारच वर्षांत फेन्टॅनिल काढलं, ज्याने आज अमेरिकेत माणसं मरतात. एकाच घरातली ही दोन लेकरं.) १९६० मध्ये सर्ल कंपनीने ते अमेरिकेत लोमोटिल या नावाने बाजारात आणलं. चंद्राकडे निघालेल्या अपोलो यानांच्या औषधपेटीतही लोमोटिल होतं. ते मला पटतं. तिथे मधेच उतरून आडोशाला जायची सोय नाही. एसटीच्या लांबच्या प्रवासात मीही एखादी घेतलेली आहे, खोटं कशाला बोलू. मोठ्या माणसाला, ताप नसताना, रक्त पडत नसताना, डॉक्टरने सांगितलं तर औषध कामाचं आहे. त्याच्याशी माझं वैर नाही.

गोळीत आणखी एक गोष्ट घातलेली असते, आणि ती तुम्हाला लगेच कळेल. धोत्रा माहीत आहे ना? महाशिवरात्रीला महादेवाला वाहतो तो. धोत्र्यात जे विष असतं, त्यातलंच ॲट्रोपिन या गोळीत टाकलेलं असतं. एका गोळीत डायफेनॉक्सिलेट अडीच मिलिग्रॅम आणि ॲट्रोपिन त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढं, ०.०२५ मिलिग्रॅम. एवढ्याशा ॲट्रोपिनचा जुलाबावर काही उपयोग नाही. ते राखणीला ठेवलंय. नशेसाठी कुणी मूठभर गोळ्या खाल्ल्या की तोंडाला कोरड पडावी, छाती धडधडावी, डोळ्यापुढे धूसर व्हावं आणि माणसाने पुन्हा नाव काढू नये, एवढ्यासाठी. मोठ्यांसाठी ठेवलेली ही राखण लेकराला काही कळत नाही. त्या पोराचं अंग तापलं आणि तोंड लाल झालं ते या धोत्र्याने, पुढची झोप अफूची.

म्हणूनच ही गोळी कायद्यात पहिल्यापासून अडकलेली आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ करारात डायफेनॉक्सिलेट मॉर्फिनच्याच यादीत आहे. फक्त ॲट्रोपिन घातलेल्या अडीच मिलिग्रॅमच्या गोळीला थोडी ढील दिली आहे. आपल्याकडे १९८५ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आला, १४ नोव्हेंबर १९८५ च्या अधिसूचनेत हे औषध आलं, आणि तिथेही तीच ढील. ही ढील दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन येणाऱ्या पेशंटसाठी आहे. तिच्याच आडोशाने पंजाब-हरियाणाकडे या गोळ्या नशेला पोत्याने विकल्या गेल्या आणि त्यावरचे खटले हायकोर्टापर्यंत गेले.

पुढे ३० ऑगस्ट २०१३ ला केंद्र सरकारने शेड्यूल एच-वन काढलं आणि १ मार्च २०१४ पासून ते लागू झालं. ४६ औषधांची यादी. त्यात बहुतेक जबरी अँटिबायोटिक्स आणि टीबीची औषधं, थोडी झोपेची-नशेची, आणि त्यांच्यात ही आपली जुलाबाची गोळी. पाकिटावर लाल चौकट असते ती याचीच. ते रजिस्टर म्हणजे हे. औषध कोणतं, किती दिलं, कोणत्या डॉक्टरने लिहिलं, त्यांचा पत्ता आणि पेशंटचं नाव, हे सगळं त्यात लिहायचं आणि तीन वर्षं जपून ठेवायचं. मी ते ठेवायचो, पण तुमच्या पाकिटांची नोंद त्यात कधी केली नाही. २०१४ नंतरही केली नाही. हे इथे कबूल करतो.

आता पन्नास पाकिटांचा हिशेब. तुम्ही टनाचा हिशेब तोंडी करता, हा सोपा जाईल. दहाच्या पाकिटाने गोळ्या झाल्या पाचशे. त्यातलं शुद्ध औषध सव्वा ग्रॅम. एनडीपीएसमध्ये डायफेनॉक्सिलेटसाठी २ ग्रॅमपर्यंत 'अल्प' आणि ५० ग्रॅमच्या पुढे 'व्यावसायिक' प्रमाण. म्हणजे सव्वा ग्रॅम किरकोळ वाटतं. पण एप्रिल २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हिरा सिंग खटल्यात सांगितलं, की नुसतं शुद्ध औषध मोजायचं नाही, मिसळलेल्या पदार्थासकट सगळं वजन धरायचं. एक गोळी साठ मिलिग्रॅमची धरली तर पाचशे गोळ्या तीस ग्रॅमच्या होतात. सव्वाचे तीस. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये राकेश कुमार खटल्यात याच कोर्टाने म्हटलं होतं, की कागदपत्राविना अशा औषधांचा साठा सापडला तर फक्त औषध कायद्याखाली नाही, एनडीपीएसखालीही खटला चालतो. ढील लागू होते की नाही यावर वकील वाद घालतील, घालू देत. पण नाकाबंदीला तुमच्या ट्रॅक्टरच्या सीटखाली चिठ्ठीविना पाचशे गोळ्या निघाल्या, तर तो वाद तुम्ही आतून ऐकाल. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. २०१२ मध्ये परळीकडे खसखस म्हणून लावलेली अफूची शेतं पोलिसांनी पकडली, तेव्हा काय पळापळ झाली होती ते तुमच्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल.

मला माहीत आहे, पोलिसांच्या भीतीने तुम्ही थांबणाऱ्यातले नाही. टायर फुटला तरी रातोरात गाडी कारखान्यावर पोचवता. म्हणून खरी गोष्ट बोलू.

तुम्ही गोळ्या का नेता ते मला कळतं. फडात पाणी येतं कॅनॉलचं, नाहीतर जवळच्या विहिरीचं. कॅन तेच, झाकण नाही, पोरं त्यातच हात घालतात. कोपीला, म्हणजे झोपडीला, संडास नाही. हगवण लागणारच. आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एक आडवं पडलं की दुसऱ्याच्या एकट्याने मोळ्या होत नाहीत. खाडा पडतो आणि तो उचलीत चढतो. सकाळी गोळी दिली, बाई उसात शिरली, गाडी भरली. तुमच्या वहीत सगळं बरोबर. पाळीने खाडा पडतो म्हणून बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं. ही गोळी त्याच रांगेतली आहे, बारीक आहे म्हणून दिसत नाही.

गोळीने जंतू मरत नाहीत आणि अंगातलं पाणी भरून येत नाही. फक्त दार बंद होतं. पाणी आतड्यात झिरपतच राहतं, बाहेर दिसत नाही एवढंच, आणि माणूस आत सुकत जातो. रक्ताची आव असेल तर विष आतच कोंडतं, आतडं फुगतं. तरणीताठी बाई उसाच्या पाचटात चक्कर येऊन पडते ती उन्हाने, असं आपण म्हणतो. उन्हाने असेलही. पण सकाळी तिने काय घेतलं होतं, ते कुणी विचारत नाही.

आणि पाकीट एकदा कोपीत गेलं की ते बायांच्या हातात जातं. तिथे लेकरं असतात. आजीची मोहरीएवढी अफू आणि माझी कात्रीने कापलेली अर्धी गोळी, यात फरक फक्त वेष्टनाचा.

काही जण म्हणतील, मग ती नको, दुसरी द्या, लोपेरामाइड. ती यान्सेन यांच्याच प्रयोगशाळेतली, १९६९ ची. ती जास्त शहाणी गोळी आहे, कारण नेमून दिली तेवढीच घेतली तर मेंदूत शिरत नाही. मेंदूच्या वेशीवर एक पंप असतो, तो तिला बाहेर ढकलतो. म्हणून अमेरिकेत १९७७ ला नशेच्या औषधांच्या यादीत घातलेली ही गोळी १९८२ ला मोकळी केली आणि १९८८ पासून चिठ्ठीविना मिळायला लागली. आपल्याकडे अजून चिठ्ठी लागते. पण लेकरांच्या बाबतीत हीही तशीच. १९८९-९० च्या सुमाराला पाकिस्तानात मुलतानकडे लोपेरामाइडचे थेंब दिलेल्या तान्ह्या मुलांची आतडी बंद पडली, निदान सहा मुलं गेली. तिथल्या डॉक्टरांनी ते 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात छापलं, ब्रिटनच्या टीव्हीवर आलं आणि कंपनीने ते थेंब मागे घेतले. आपल्या सरकारनेही लेकरांसाठी बनवलेल्या अशा औषधांवर बंदी घातली. बंदी लेकरांच्या औषधावर आली. मोठ्यांची गोळी कुस्करून दुधात घालायला बंदी कोण घालणार? शेवटी कात्री माझ्याच हातात असते.

मग न्यायचं काय? १९७१ ला बांगलादेशच्या लढाईत लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी, फरशीवर माणसं पडलेली, सलाइन संपत आलेलं. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या, पाण्याच्या पिंपात कालवल्या आणि नातेवाइकांनाच पाजायला लावल्या. मरणाचं प्रमाण शंभरात तीसवरून चारच्याही खाली आलं. तीच आपली जलसंजीवनी, ओआरएस. त्या छावणीपेक्षा तुमचा फड काही वाईट नाही. तिथेही पाजणारी माणसं अडाणीच होती.

एक पुडी एक लिटर पाण्यात, कमी-जास्त नाही. अर्धी पुडी तांब्यात घालायची नाही. दोन वर्षांखालच्या लेकराला दर जुलाबामागे अर्धा ते एक छोटा कप, चमच्याचमच्याने. ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू. अंगावरचं दूध थांबवायचं नाही. सोबत झिंकची गोळी, सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. पुड्या संपल्या तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. रंगीत डब्यातलं गोड सरबत ओआरएस म्हणून घेऊ नका, अशा पेयांवर ते नाव लावायला ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई झाली आहे. शौचातून रक्त पडलं, लघवी बंद झाली, लेकराचे डोळे खोल गेले किंवा ते पाणी प्यायचं सोडून झोपूनच राहिलं, तर रात्र असो की गाडी अर्धी भरलेली असो, दवाखाना. त्या दिवशी खाडा धरायचा नाही, हे माझ्याने लिहवत नाही, कारण वही तुमची आहे. पण मी वाचलेलं पोर बघितलंय, तसं न वाचलेलं बघायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

त्या दिवशी जे गृहस्थ माझ्याकडून रिकामे गेले, त्यांच्यासाठी एक पिशवी बांधून काउंटरखाली ठेवली आहे. ओआरएसच्या शंभर पुड्या, झिंकची वीस पाकिटं, क्लोरीनच्या थेंबांच्या सहा बाटल्या आणि तोटीचे दोन कॅन, ज्यात पोरांना हात घालता येत नाही. बिल लिहिलेलं नाही, पट्टा पडल्यावर, म्हणजे सीझन संपल्यावर, बघू. बाकीच्यांनी गाडी निघायच्या दोन दिवस आधी सांगितलं तर तेवढंच त्यांच्यासाठीही बांधून ठेवीन. दुकान सकाळी आठला उघडतं. मी नसलो तर मुलगा असतो. तो नाव विचारेल, रागावू नका.

आपला,
माजलगावचा एक मेडिकलवाला